चाचांना हवा होता तो प्रोसेसर

आमच्या मायचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. मी पोटात असताना हापशीचा दांडा हातातून सुटून तिच्या तोंडावर बसला, असं बाबा सांगतात. तेव्हापासून ती हसली की पदर तोंडावर जायचा. हसू आधी की पदर आधी, हे कधी कळायचं नाही. माझ्या मोबाइलमध्ये तिचे पुष्कळ फोटो आहेत, दिवाळीतले, शेतातले, नातवंडांसोबतचे. त्या सगळ्या फोटोंमध्ये वर डोळे आहेत आणि खाली पदर. आधार कार्डाच्या फोटोत पदर चालत नाही, म्हणून तिथं तिनं ओठ गच्च मिटून घेतले. तो फोटो कुणी तिला दाखवला की ती म्हणायची, "हे कोनती चोरटी बाई व्हय?"

पदराशिवाय, तोंड उघडून हसणारी माय एकाच फोटोत होती. तो फोटो रिसोडातल्या एका फोटो स्टुडिओत होता आणि त्या स्टुडिओतलं कॉम्प्युटर मी बनवलं होतं.

माझं एसटी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. स्टुडिओ माझ्यापासून चार दुकानं सोडून. तो चालवणाऱ्या म्हाताऱ्या मुसलमान फोटोग्राफरला सगळा बाजार चाचा म्हणतो, मीही म्हणतो. तालुक्यातल्या किती लग्नांत ते कॅमेरा घेऊन उभे राहिले असतील याचा हिशेब त्यांनाही नाही. पण त्यांचं खरं काम लग्नानंतर कितीतरी वर्षांनी सुरू व्हायचं. आमच्याकडे माणूस गेला की तेरवीला हार घालायला फोटो लागतो. खेड्यातल्या म्हाताऱ्यांनी स्टुडिओत बसून फोटो काढलेला नसतो. ते कुणाच्या तरी लग्नात पंगतीला बसलेले, नाही तर मांडवाच्या खांबाला टेकलेले, चुकून आलेले असतात. घरचे लोक चाचांकडे येऊन सांगायचे, "आमचा बुढा अमक्याच्या पोराच्या लग्नाले होता." चाचा डोळे मिटायचे, "लाल फेटा बांधला होता न त्यानं?" असं विचारायचे आणि बरोबर ते लग्न उघडायचे. मग आजूबाजूची गर्दी कापायची, मागे फिकट निळा रंग भरायचा, फेटा सरळ करायचा. संध्याकाळपर्यंत चौकट तयार. ज्या माणसाला जिवंतपणी कुणी नीट पाहिलं नाही, तो चाचांकडे सापडायचा.

मायचा फोटोही तसाच. मामाच्या पोराचं लग्न, आसेगावकडच्या एका वाडीवर. मांडवात पाणी सांडलेलं. चाचा नवरदेवाच्या मागे मागे उलट्या पावलांनी चालत होते, घसरले आणि मायच्या समोर धपकन खाली बसले. माय वाढायला भाताचं टोपलं घेऊन निघाली होती. दोन्ही हात गुंतलेले, पदर घ्यायचा कशानं? ती हसत सुटली. चाचांनी खाली बसल्या बसल्या बटण दाबलं. ही गोष्ट त्यांनी मला इतक्या वेळा सांगितली की मी त्या लग्नात दुसऱ्या टोकाला पत्रावळी उचलत होतो हे मी विसरूनच गेलोय. मला ती जागा चाचांच्या जमिनीवरूनच दिसते.

आता प्रोसेसरची गोष्ट.

चाचांचं जुनं कॉम्प्युटर थकलं होतं. फोटो पाच-सहा जुन्या हार्ड डिस्कांमध्ये विखुरलेले, त्यातल्या दोन तर कुरकुर आवाज करायच्या. सगळं एका नव्या मशीनमध्ये घ्यायचं ठरलं. चाचा एका सकाळी माझ्या दुकानात आले ते खिशात चिठ्ठी घेऊन. अकोल्याला ज्या लॅबमध्ये ते अल्बम छापायला द्यायचे, तिथल्या माणसानं लिहून दिली होती.

"बेटा, थो म्हने सर्व्हरवाला प्रोसेसर घ्या. जुना भेटते दिल्लीवरून. त्याच्यासंगं जे मेमरी लागते, थे आपली चूक आपनच पकडते म्हने."

मला झोंबलंच. माझ्या गिऱ्हाइकाला अकोल्याचा माणूस शिकवणार! मी म्हणालो, "चाचा, तुमाले काय बँक चालवाची हाये?"

"बँक नाई. पन माह्यापाशी बी लोकायची ठेवच हाये न."

मी त्यांना बसवलं, चहा सांगितला आणि समजावलं. जे समजावलं त्यात खोटं काही नव्हतं, हेच आज जास्त टोचतं. सर्व्हरच्या प्रोसेसरला कोअर, म्हणजे काम करणारे हात, पुष्कळ, पण एकेक कोअर सुस्त. दहा माणसं एकदम काम सांगणार असतील तर त्याचा उपयोग. एकटे चाचा एकेक फोटो घासत बसणार, त्यांना डेस्कटॉपचाच प्रोसेसर चपळ वाटणार. सर्व्हरवाल्याला स्क्रीनवर चित्र दाखवायचं तर वेगळं कार्ड लावा. मशीन चालू व्हायलाच चहा पिऊन होईल इतका वेळ. कुठल्या तरी कंपनीनं वापरून फेकलेला माल, वॉरंटी नाही, आणि बिघडला तर रिसोडात काय, अकोल्यातही त्याचा बोर्ड मिळणार नाही. उलट माझ्या कपाटात डेस्कटॉपचा प्रोसेसर होता, डबाबंद, नवाकोरा.

"हे फास्ट हाये चाचा. घोडं हाये घोडं."

"मले पयनारं नाई पायजे बेटा. इमानदार पायजे."

मी हसलो. मशीन काय इमानदार आणि काय बेइमान? ती मेमरी कशी असते हे मला माहीत होतं. साध्या मेमरीला जे दिलं ते ती जपते, आणि जपता जपता त्यात काही बदललं तर जे उरलं तेच खरं म्हणून परत देते. सर्व्हरच्या मेमरीत प्रत्येक ओळीमागे एक जास्तीची खूण असते. वाचताना खूण जुळली नाही तर लहान चूक ती स्वतः सुधारते, मोठी असेल तर सरळ मशीन थांबवते. शेतातली मोजणी करताना एक जण साखळी धरतो आणि दुसरा मागून मोजून बघतो, तसं. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं. चाचांना त्यातलं एक अक्षर सांगितलं नाही.

चहा संपला तशी चाचांनी चिठ्ठी दुमडून खिशात ठेवली. "मी अडानी मानूस. तुह्यावर सोडलं." मग उठता उठता म्हणाले, "तुह्या मायचा हासता फोटो हाये तं त्याच्यात. काढून देऊ का एक?"

"नवं मशीन चालू होऊ द्या, मंग मोठा काढू," मी म्हणालो.

ही झाली निवड. एवढ्यावर थांबलो असतो तर मी शहाणाच ठरलो असतो, कारण डेस्कटॉपचा प्रोसेसर वाईट नव्हता. वाईट मी केलं ते पुढे. मेमरीच्या दोन पट्ट्या लावायच्या होत्या. एक नवी होती. दुसरी मागवायला आठवडा गेला असता आणि लग्नसराई तोंडावर आली होती. एका गिऱ्हाइकाच्या मशीनमधून काढून ठेवलेली एक पट्टी ड्रॉवरमध्ये पडली होती. त्याचं मशीन अधूनमधून बंद पडायचं, मी नवी पट्टी टाकून दिली होती. आमच्या धंद्यात अशा पट्टीवर एक रामबाण इलाज आहे: शाळेच्या पोरांचा खोडरबर. पट्टीचे सोनेरी दात खोडरबरनं घासायचे, फुंकर मारायची, लावून बघायचं. दहात सात वेळा चालते. मी घासली, फुंकर मारली, लावली, चालली. तिची रात्रभर चालणारी तपासणी असते, ती केली नाही. मशीन चाललं ना, मग तपासणी कसली?

त्याच मशीनमधून चाचांच्या सगळ्या डिस्का नव्या डिस्कवर उतरवल्या. दोन दिवस ते काम चाललं. शेवटी मी फायलींची संख्या जुळवली, जुळली. आकार जुळवला, तोही जुळला. इथले तिथले वीस-पंचवीस फोटो उघडून बघितले, झकास. मायचा उघडला नाही. घाईत होतो.

आणि त्या जुन्या डिस्का? बाजारात तेव्हा सगळ्यांना कॅमेरे बसवायचे होते. मार्केट यार्डातल्या अडत्यांच्या दुकानांचं काम मला मिळालं होतं आणि कॅमेऱ्यांच्या रेकॉर्डरला डिस्का लागतात. आमच्याकडे हीच रीत आहे: कॉम्प्युटरमधून निघालेली डिस्क रेकॉर्डरमध्ये जाते. चाचांना विचारलं, ते म्हणाले, "माह्या काय कामाच्या? ने." कुरकुरणाऱ्या दोन भंगारात टाकल्या, बाकीच्या पुसून अडत्यांकडे लावल्या. तिथं दिवसरात्र सोयाबीनची पोती आणि ट्रकची मागची फळी रेकॉर्ड होते आणि थोड्या दिवसांनी जुन्यावर नवं चढतं.

चाचांचं मशीन महिन्यातून दोन-तीनदा निळा पडदा दाखवून बसायचं. मी सांगायचो, लाइट कमीजास्त होते चाचा, त्याच्यानं. त्यांना बॅटरीचा डबा घ्यायला लावला. निळा पडदा थांबेना. दोन वर्षांनी, एका मोकळ्या दुपारी, मी ती पट्टी काढून माझ्या दुकानात तपासणीला लावली. स्क्रीनवर लाल ओळींची रांग लागली. एकेक लाल ओळ म्हणजे तिला सांगितलेलं एक आणि तिनं परत दिलेलं दुसरंच. दोन दिवस चाचांचा सगळा तालुका या पट्टीतून गेला होता.

मी दुसरी पट्टी नेऊन बसवली, चाचांना म्हटलं, जरा साफसफाई केली. त्यांनी मला खारीक खायला दिली. त्यांच्या स्क्रीनवर मायचं ते लग्न उघडून बघायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. बघितलं असतं तर कळलं असतं, म्हणून बघितलं नाही. अडत्याकडे मात्र जाऊन आलो, डिस्क काढून घरी आणली, जुनं काही निघतं का पाहिलं. पोती निघाली. पोतीच पोती.

त्यानंतर कुणी चाचांकडे बुढ्याचा फोटो शोधायला आलं की मी माझ्या दुकानातून तिकडे कान लावायचो. बहुतेक वेळा सापडायचा. सगळे बिघडले नव्हते, इथं एक, तिथं एक. एकदा एका म्हातारीचा उघडला नाही तेव्हा चाचांनी मला हाक मारली. मी म्हणालो, कॅमेऱ्याचं कार्डच खराब असन तवाचं. उचलली जीभ लावली टाळ्याला.

गेल्या वर्षी पोळ्याच्या पंधरा दिवस आधी माय गेली. ताप होता, सगळे म्हणाले व्हायरल आहे, वाशिमला नेईपर्यंत उशीर झाला. तिसऱ्या दिवशी बाबा ओसरीवर बसून म्हणाले, "आधारचा फोटो नको लावू. थ्याच्यात ते रागावली दिसते. चाचाकडचा आन." त्यांनाही तो फोटो माहीत होता. सगळ्यांनाच माहीत होता, आणि सगळ्यांनी तो नंतरसाठी ठेवला होता.

स्टुडिओपर्यंत चालताना माझे पाय मोजून पडत होते. चाचांनी मला जवळ घेतलं, रडले, मग खुर्ची ओढून बसले आणि लग्न उघडलं. त्यांना शोधावं लागलं नाही. फोटो वरून खाली उतरू लागला. मांडवाची झालर आली. पदर डोक्यावरून घसरलेला, कपाळ, कुंकू, डोळे. डोळे असे बारीक झालेले की ती मोठ्यानं हसते आहे हे कुणीही सांगितलं असतं. मग नाकाच्या शेंड्याशी एक आडवी रेघ आली आणि तिच्याखाली सगळं करडं. सिमेंटची भिंत असावी तसं सपाट करडं. भाताचं टोपलंही नाही.

चाचांनी बंद करून पुन्हा उघडला. पुन्हा तेच. चष्मा काढून पुसला. तिसऱ्यांदा उघडला.

"मीच केलं काय बेटा हे?" ते म्हणाले. "मागच्या साली तुह्या मायसाठीच उघडला होता, मोठा करून ठेवावं म्हनून. तितक्यात लाइट गेली अन् बॅटरीचा डबा बी बसला होता. माह्या हातानं काही दाबल्या गेलं काय?"

तेव्हा सांगायचं होतं. दुकानात दुसरं कुणी नव्हतं, मायला जाऊन तीन दिवस झाले होते, त्या माणसानं मला काही म्हटलं नसतं. मी म्हणालो, "व्हते चाचा कधी कधी." आणि त्या म्हाताऱ्यानं माझे हात धरले, माझे, आणि माफी मागितली. मी ती घेतली. आयुष्यात इतकी शरम मला दुसऱ्या कशाची वाटलेली नाही, आणि तरीही मी घेतली.

दहाव्याला नदीवर डोकं भादरलं, रीतीप्रमाणे मिशीही काढली. मी वीस वर्षं मिशी ठेवत आलोय. परत येताना चाचा स्टुडिओच्या दारात उभे होते. माझ्याकडे पाहून त्यांच्या चेहऱ्यावर काही तरी हललं.

"अंदर ये. मिशी नाई तं तुहं तोंड डिट्टो तुह्या मायचं हाये. जिवनी, व्हट, समदं. बस तिथी. तू हास, मी तुहं तोंड घेतो अन् तिले लावतो. जुन्या टायमाले हातानं रंगवत होतो मी, कोनाले समजनार नाई."

त्यांनी मला स्टुलावर बसवलं, दिवे लावले. मग कॅमेरा घेऊन, भिंतीला हात टेकत टेकत, ते खाली बसले. गुडघे कटकट वाजले. तो फोटो जमिनीवरून काढलेला होता, म्हणजे हाही तिथूनच घ्यावा लागणार.

"हास बेटा."

मी दात दाखवले.

"असं नाई. मी पडलो थे आठव. कसा पडलो होतो धपकन, बेंडकावानी." फरशीवर बसलेला तो पांढऱ्या दाढीचा माणूस मला हसवायला दोन्ही हात हवेत उडवून पडल्याचं सोंग करू लागला. "अरे हास न रे. माह्या हातानं गेलं तं मलेच आनू दे न वापस."

मी तोंड उघडलं ते सांगायलाच उघडलं होतं. जिभेवर आलं होतं, चाचा, थे पट्टी मी घासून लावली होती. पण तोंड उघडलं तसं काही तरी विचित्र झालं, गालाकडून ओढलं गेलं, हुंदका म्हणा नाही तर हसू म्हणा, आणि दिवा लखकन उडाला.

"भेटलं," चाचा म्हणाले. "बस. भेटलं."

तेरवीला फोटो चौकटीत बसून आला. चाचांनी स्वतः आणला, कापडात गुंडाळून. काम असं की कुठं सांधा दिसत नव्हता. पदर, कुंकू, डोळे, आणि खाली मोकळं हसू. बायका रडल्या. आत्या म्हणाली, किती गोड हासते व माय माही. चाचा मागे, मांडवाच्या खांबाशी उभे होते. मी हार घातला.

पंगती उठल्यावर बाबा एकटेच फोटोसमोर जाऊन उभे राहिले. बराच वेळ. मला वाटलं, बोलत असतील तिच्याशी. मी पाणी घेऊन जवळ गेलो.

"हिचा दात कुठी गेला?" बाबांनी विचारलं.

"चाचांनी नीट केला," मी म्हणालो. ही आणखी एक थाप, हीही चाचांच्याच नावावर.

"कायले नीट केला? मी काय कोनाले म्हनलं होतं?" त्यांनी काचेवर बोट ठेवलं, डोळ्यांवर, मग सावकाश खाली आणलं. "डोये तिचेच हायेत. पन हे हासून कोन राह्यलं?"

मिशी नव्हती. तोंड उघडं होतं, आणि बाबा वळून माझ्याकडेच बघत होते. माझा हात पदर धरल्यासारखा वर गेला आणि मी तोंड झाकून घेतलं.